पुसायचे नाही, पुढे लिहायचे

पावसाळा आला की परभणी जिल्ह्यात ६५ हा आकडा प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. शासकीय मदतीच्या निकषांत हा आकडा कळीचा आहे. सोयाबीन आणि कापूस दोन्ही शेतांत सारखेच आडवे झालेले असतात, पण एका मंडळात मापकाने ६७ दाखवलेले असतात आणि शेजारच्या मंडळात ६२. मग तलाठ्यासमोर, तहसीलमध्ये, पारावर एकच वाद: आमच्याकडे खरोखर किती पडला? २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांना पावसाने झोडपले तेव्हा हा प्रश्न गावोगाव उभा राहिला.

पाऊस पडून जातो, मागे त्याची नोंद उरते. महावेध प्रकल्पाखाली राज्यातल्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली आणि ती दर दहा मिनिटांनी पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग पाठवू लागली. पण केंद्राने पाठवलेला आकडा कुठे उतरला, किती ठिकाणी उतरला, किती दिवस राहणार आणि तो कोणी मागाहून बदलू शकतो का, याची चर्चा आपल्याकडे क्वचित होते. संगणकशास्त्रात याच प्रश्नांवर गेल्या पंधरा वर्षांत मोठे काम झाले आहे आणि त्यातून अनेक यंत्रांवर वाटून ठेवलेली नोंदवही उभी राहिली आहे. ती कशी मांडायची हे समजून घेण्यासाठी परभणी जिल्हा उत्तम जागा आहे, कारण अशी वही इथल्या गावांनी कागदावर पिढ्यानपिढ्या चालवली आहे.

गाव नमुना सहा

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. शेतकरी बँकेत जातो तो सातबारा घेऊन, भाऊबंदकीचा वाद पेटतो तो सातबाऱ्यावरच्या नावावरून. सातबारा आजची स्थिती दाखवतो: हा गट कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, पीक कोणते, बोजा कोणाचा. ती स्थिती कशी आली हे मात्र दुसऱ्या वहीत असते, आणि ती वही म्हणजे गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये तिचा पाया आहे.

खरेदी झाली, वडील वारले, वाटणी झाली, कर्ज फिटले. प्रत्येक घटनेला या वहीत पुढचा क्रमांक मिळतो. तलाठी नोंद धरतो. २०२४ पासून त्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण लोकांच्या बोलण्यात तलाठीच आहे. नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदींच्या वहीत, म्हणजे सहा-अ मध्ये जाते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो.

या व्यवस्थेतल्या चार गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली, क्रमांक गावापुरता चालतो. झरी गावाच्या वहीतला फेरफार पोखर्णी गावाच्या वहीतल्या फेरफाराच्या आधीचा की नंतरचा, हे क्रमांकावरून कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. गावाच्या आत मात्र क्रम पक्का. दुसरी, लिहिलेले खोडायचे नसते. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आधीच्या खातेदाराचे नाव कंसात टाकलेले दिसते, म्हणजे नाव कमी झाले तरी वाचता येते. लेखनप्रमाद दुरुस्त करायचा तर कलम १५५ खाली आदेश होतो आणि त्या आदेशाचाही नवा फेरफार पडतो. तिसरी, प्रमाणित होईपर्यंत नोंद वहीत असते, पण तिच्यावर कोणी व्यवहार उभा करत नाही. चौथी, सातबारा फाटला तरी फेरफार पहिल्यापासून वाचत गेले तर तो पुन्हा तयार करता येतो. उलट होत नाही. नुसत्या सातबाऱ्यावरून मधला इतिहास काढता येत नाही.

पुढे येणारी सगळी यंत्रणा या चार गोष्टींवर उभी आहे.

पुणे ते कॅलिफोर्निया

२०१० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लिंक्डइन या कंपनीसमोर एक अडचण होती. कोणी कोणाचे पान पाहिले, काय शोधले, कोणत्या यंत्रावर काय बिघडले, अशा नोंदी सतत तयार होत होत्या आणि त्या अनेक विभागांना हव्या होत्या. प्रत्येक विभागाने प्रत्येक उगमाशी स्वतंत्र नळ जोडला होता. दहा उगम आणि दहा वाचक असले की शंभर जोड होतात आणि त्यातला कोणता कधी गळेल हे सांगता येत नाही.

तिथे जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे या तिघांनी यावर उपाय काढला. नेहा नारखेडे पुण्याच्या. पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीतून संगणक अभियांत्रिकी करून त्या अमेरिकेत जॉर्जिया टेकला गेल्या. तिघांचा उपाय ऐकायला साधा होता: मध्ये एकच वही ठेवा. ज्याला काही सांगायचे त्याने तिच्या शेवटी लिहावे. ज्याला वाचायचे त्याने आपण कोणत्या क्रमांकापर्यंत आलो ते लक्षात ठेवून पुढे वाचावे. कोणी वाचले म्हणून नोंद नाहीशी होत नाही, त्यामुळे एकच नोंद दहा वाचक आपापल्या गतीने वाचू शकतात. लेखनासाठी घडवलेली यंत्रणा म्हणून क्रेप्सनी तिला लेखक फ्रान्झ काफ्काचे नाव दिले. २०११ च्या सुरुवातीला काफ्का सर्वांसाठी खुली झाली, ऑक्टोबर २०१२ मध्ये अपाचे फाउंडेशनचा पूर्ण प्रकल्प बनली. २०१४ मध्ये तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली, जिचे समभाग २०२१ मध्ये नॅसडॅकवर आले. २०१९ मध्ये लिंक्डइनने जाहीर केले की त्यांच्याकडे काफ्कातून दिवसाला सात लाख कोटींहून अधिक नोंदी जातात.

काफ्कातल्या एका विषयाच्या वहीला टॉपिक म्हणतात. ती वही अनेक पार्टिशनमध्ये वाटलेली असते आणि पार्टिशनमधल्या प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक मिळतो, तो ऑफसेट. क्रमाची हमी एका पार्टिशनपुरती असते, दोन पार्टिशनमध्ये नसते. गावाच्या वहीचा नियम इथे जसाच्या तसा लागू आहे. पार्टिशनच्या प्रती ज्या यंत्रांवर असतात ते ब्रोकर. प्रत्येक पार्टिशनचा एक ब्रोकर लीडर असतो. लिहिणारा त्याच्याकडे लिहितो आणि बाकीचे त्याच्याकडून उतरवून घेतात. नोंद सोबतच्या सगळ्या प्रतींवर उतरेपर्यंत वाचकाला ती दिसतच नाही. मंडळ अधिकाऱ्याची सही होईपर्यंत अंमल नाही, तसेच.

परभणीला किती मोठी वही लागेल

समजा परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांसाठी पावसाची अशी वही उभारायची आहे. पहिले काम आकारमान काढण्याचे, आणि नेमके हेच बहुतेक जण टाळतात.

पन्नास हवामान केंद्रे धरू. दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे एका केंद्राच्या दिवसाला १४४ नोंदी. पन्नास केंद्रांच्या ७,२००. एक नोंद दोनशे बाइटची धरली तर दिवसाचा ऐवज दीड एमबीही भरत नाही. मोबाइलवर काढलेला एक फोटो याहून मोठा असतो. सगळ्या राज्यातली दोन हजार केंद्रे घेतली तरी दिवसाला २,८८,००० नोंदी, म्हणजे सेकंदाला तीन-साडेतीन. एका साध्या डेटाबेसलाही हे ओझे नाही.

म्हणून ही यंत्रणा उभारायची तर ती वेगासाठी किंवा आकारासाठी नको. एक यंत्र मेले तरी नोंद राहावी, आणि कृषी विभाग, विमा कंपनी, आपत्ती व्यवस्थापन कक्ष, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातले संशोधक या सर्वांनी एकाच मूळ वहीतून वाचावे, एवढ्या दोनच कारणांसाठी हवी. कारण ठाऊक असले की पुढचे निर्णय सोपे होतात. पार्टिशन शेकड्यांनी नकोत, सहा-आठ पुरेत. केंद्राचा क्रमांक हीच नोंदीची किल्ली ठेवायची, म्हणजे एका केंद्राच्या सगळ्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये क्रमाने जातील. पिकांचे फोटो या वहीत टाकायचे नाहीत. काफ्काची एका नोंदीची मूळ मर्यादा सुमारे एक एमबी आहे. फोटो वेगळ्या साठ्यात ठेवून वहीत त्याचा पत्ता लिहायचा.

यंत्रांची तयारी करताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. काफ्का स्वतःसाठी फार मेमरी मागत नाही. जावाच्या हीपला चार-सहा जीबी द्यावेत आणि बाकीची मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला मोकळी ठेवावी, कारण वाचन-लेखनाचा वेग तिच्या पेज कॅशमधून येतो. साठा यंत्रातल्याच डिस्कवर हवा, नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरवर नको. उघड्या फाइलींची मर्यादा एक लाखापर्यंत वाढवावी. आणि काफ्कासोबत येणाऱ्या नमुना फाइलीत नोंदी ठेवण्याची जागा ‘टीएमपी’ या तात्पुरत्या फोल्डरमध्ये दिलेली असते, ती पहिल्याच दिवशी बदलावी. अनेक लिनक्स यंत्रांवर यंत्र फेरसुरू झाले की हा फोल्डर साफ होतो. नमुना फाइल शिकण्यासाठी असते, जिल्ह्याच्या नोंदी तिच्या भरवशावर ठेवायच्या नसतात.

‘लिहिले’ केव्हा म्हणायचे

सगळ्या मांडणीतला सर्वांत जबाबदारीचा निर्णय एका प्रश्नात आहे. केंद्राने नोंद पाठवली. वहीने ‘लिहिले’ असे उत्तर कधी द्यायचे?

काफ्कात यासाठी ‘अ‍ॅक्स’ नावाची सेटिंग आहे. शून्य ठेवले तर पाठवणारा उत्तराची वाटच पाहत नाही. एक ठेवले तर लीडरने लिहिले की उत्तर मिळते. नोंद दुसऱ्या यंत्रावर उतरण्याआधीच लीडर बंद पडला तर ‘लिहिले’ असे सांगितलेली नोंद जगात कुठेच उरत नाही. ‘ऑल’ ठेवले तर लीडरच्या सोबतीने चालणाऱ्या सगळ्या प्रतींवर उतरल्यावरच उत्तर येते. २०२१ मधल्या ३.० आवृत्तीपासून ‘ऑल’ ही मूळ सेटिंग झाली आणि पुष्कळ जण तेवढ्यावर निश्चिंत होतात.

खड्डा पुढे आहे. ‘सोबतीने चालणाऱ्या सगळ्या प्रती’ ही संख्या बदलती असते. तीनपैकी दोन यंत्रे मागे पडली तर सोबतीला फक्त लीडर उरतो आणि ‘सगळ्यांनी लिहिले’ याचा अर्थ ‘एकाने लिहिले’ असा होतो. हे रोखणारी सेटिंग म्हणजे ‘मिन इन-सिंक रेप्लिकाज’. तिची मूळ किंमत एक आहे. ती दोन करावी लागते, आणि ती हाताने करावी लागते. टॉपिकच्या प्रतींची मूळ संख्याही एकच असते; ती तीन करायची. तीन प्रती, किमान दोन सोबतीला, आणि ‘अ‍ॅक्स ऑल’. या तीन सेटिंग एकत्र असल्या तरच हमीला अर्थ आहे. एखादी राहिली तर बाकीच्या दोन फक्त दिलासा देतात.

अशी मांडणी असली की एक यंत्र बंद पडले तरी काम चालू राहते. दोन बंद पडली तर वही लिहून घ्यायला नकार देते. हा नकार पाहून नवखा माणूस घाबरतो आणि किमान संख्या पुन्हा एक करून ठेवतो. तसे करू नये. नकार मिळालेले केंद्र आपली नोंद स्वतःकडे राखून थोड्या वेळाने पुन्हा पाठवू शकते. खोटा होकार मिळालेले केंद्र ती नोंद विसरून जाते, आणि मग ती परत आणण्याचा मार्ग उरत नाही. मागे पडलेल्या प्रतीला घाईने लीडर करू देणारी ‘अनक्लीन लीडर इलेक्शन’ ही सेटिंगही याच कारणाने बंद ठेवायची. सेवा थोडा वेळ थांबली तर लोक चिडतात, पण नोंद नाहीशी झाली तर एखाद्या मंडळाचे ६६ मिलिमीटर ६२ होतात.

वीज, पूर आणि खणलेला रस्ता

तीन प्रती म्हणजे तीन यंत्रे, एवढे सगळ्यांना कळते. ती यंत्रे कुठे ठेवायची हे मात्र प्रत्येक जागेप्रमाणे ठरवावे लागते, आणि परदेशी पुस्तकातली मांडणी इथे जशीच्या तशी चालत नाही.

काफ्का प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर उतरवण्याचा आग्रह धरत नाही. नोंद आधी मेमरीत येते आणि ऑपरेटिंग सिस्टिम सवडीने ती डिस्कवर नेते. एक यंत्र अचानक बंद पडले तर दुसऱ्याच्या मेमरीत नोंद असते, असा हा हिशेब आहे. तिन्ही यंत्रे एकाच वेळी बंद पडणार नाहीत हे त्यात गृहीत धरले आहे. आता तिन्ही यंत्रे परभणीत एकाच इमारतीत, एकाच खोलीत, एकाच इन्व्हर्टरवर ठेवली, आणि वळवाच्या पावसात फीडर गेला. बॅटरी उतरली की तिन्ही एकदम बंद, आणि शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी तिन्ही मेमऱ्यांतून एकदम गेल्या. तीन प्रतींचे पैसे खर्च झाले आणि संरक्षण एका प्रतीइतकेही मिळाले नाही. मुसळधार पाऊस आणि वीज जाणे या दोन गोष्टी मराठवाड्यात जोडीनेच येतात, म्हणजे नोंद सर्वांत मोलाची असते तेव्हाच ती सर्वांत जास्त धोक्यात असते.

उपाय मांडणीतच आहे. एक यंत्र परभणीत, एक सेलूत, एक गंगाखेडला. तिन्ही गावे रेल्वेच्या वाटेवर आहेत, अंतर इतके कमी की नोंद जायला-यायला काही मिलिसेकंद पुरतात, आणि वीजपुरवठा एकाच तारेवर अवलंबून नाही. गंगाखेड गोदावरीकाठी आहे, तेव्हा तिथले यंत्र तळमजल्यावर नको. प्रत्येक ठिकाणी यूपीएस हवा आणि बॅटरी संपत आली की यंत्र स्वतःहून नीट बंद होईल अशी जोडणी हवी. कोणते यंत्र कोणत्या ठिकाणी आहे हे ‘ब्रोकर रॅक’ या सेटिंगमध्ये लिहिले की काफ्का एका पार्टिशनच्या तीन प्रती तीन ठिकाणी वाटते.

रस्तारुंदीत केबल तुटणे हा परभणीकरांच्या ओळखीचा प्रसंग आहे. गंगाखेडची तार तुटली तर मूळ सेटिंगप्रमाणे तीस सेकंदांच्या आत ते यंत्र सोबतीच्या यादीतून बाहेर पडते आणि उरलेली दोन यंत्रे काम चालू ठेवतात. तार जोडली की गंगाखेडचे यंत्र जिथे थांबले होते त्या ऑफसेटपासून उरलेले उतरवून घेते आणि यादीत परत येते. हे सगळे आपोआप होते, म्हणूनच त्यावर नजर ठेवावी लागते. अपुऱ्या प्रती असलेल्या पार्टिशनची संख्या काफ्का सतत दाखवते आणि ती शून्य असायला हवी. महिनाभर कोणी पाहिले नाही, तर गंगाखेडचे यंत्र महिनाभर बंद असूनही सगळे सुरळीत वाटते, आणि मग सेलूची वीज जाते.

यंत्रांनी लीडर ठरवायचा तो बहुमताने. पूर्वी काफ्काला यासाठी झूकीपर नावाची वेगळी यंत्रणा लागत असे; मार्च २०२५ च्या ४.० आवृत्तीत ती पूर्ण काढून टाकली गेली आणि काफ्काच्याच कंट्रोलर यंत्रांचे मंडळ हे काम करू लागले. मंडळात तीन सभासद असले की दोघांचे मत पुरते. इथे सम संख्येचा उपयोग नाही. दोनच ठिकाणी सगळे ठेवले तर एका ठिकाणाकडे बहुमत येणार, आणि तेच ठिकाण बंद पडले की उरलेल्याला काही ठरवता येणार नाही. म्हणून ठिकाणे तीनच हवीत.

किती दिवस

काफ्काची मूळ मुदत १६८ तास, म्हणजे सात दिवस. त्यानंतर जुन्या नोंदींचे तुकडे काढून टाकले जातात. जाहिरातींच्या क्लिकसाठी सात दिवस पुष्कळ. परभणीच्या पावसासाठी ते हास्यास्पद कमी आहेत, कारण सप्टेंबरच्या अतिवृष्टीचा वाद दिवाळीनंतर रंगतो आणि कधी कधी न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो. मुदत अमर्याद ठेवायची सोय आहे. दीड एमबी रोज म्हणजे वर्षाला सुमारे ५५० एमबी. शंभर वर्षांचा पाऊस आज दुकानात मिळणाऱ्या साध्या डिस्कवर मावतो. मोठ्या वह्यांसाठी जुने तुकडे स्वस्त साठ्यात हलवण्याची सोयही ३.९ आवृत्तीपासून पक्की झाली आहे.

काफ्कात मुदतीऐवजी ‘कॉम्पॅक्शन’ हा दुसरा प्रकारही निवडता येतो. त्यात प्रत्येक किल्लीची शेवटची नोंद राहते, आधीच्या हळूहळू काढल्या जातात. म्हणजे फेरफार वहीचा सातबारा होतो. ‘आत्ता प्रत्येक केंद्राची स्थिती काय’ यासाठी ते उपयोगी आहे, पण मूळ पावसाच्या वहीला ते कधीही लावू नये. दोन वेगळे टॉपिक ठेवावेत: एक नमुना सहा, एक सातबारा.

जुनी नोंद पुढे कोणाला कशासाठी लागेल हे लिहिताना कळत नसते. मराठवाड्याने हे २०२३ मध्ये डोळ्यांनी पाहिले. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासणाऱ्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी परभणीसह मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत निजामकाळातल्या नोंदी शोधल्या गेल्या. तहसीलच्या अभिलेख कक्षांतून खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूच्या वह्या बाहेर आल्या. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना बोलवावे लागले. त्या वह्या लिहिणाऱ्या कारकुनांना रोजच्या सरकारी कामापलीकडे काही अभिप्रेत नव्हते, पण त्यांनी क्रमाने, खाडाखोड न करता लिहून ठेवले म्हणून दशकांनंतरच्या प्रश्नाला उत्तर शोधता आले. जिथे वाळवी लागली होती तिथे एकच प्रत होती, आणि प्रश्न तिथेच संपला.

उशिरा आलेला पाऊस, दोनदा आलेला पाऊस

आपल्याकडच्या हवामान नोंदींत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. समजा जिंतूर तालुक्यातल्या एका केंद्राने ८.२० ला चार मिलिमीटर मोजले, पण टॉवर बंद असल्याने ते ९.१० ला वहीत पोहोचले. हे चार मिलिमीटर कालच्या खात्यात की आजच्या? पोहोचण्याची वेळ धरली तर आजच्या, आणि कालचा ६६ चा आकडा ६२ होऊन बसतो. म्हणून नोंदीच्या आत मोजल्याची वेळ लिहिलीच पाहिजे आणि हिशेब तिच्यावर केला पाहिजे. आल्याचा क्रम ऑफसेट सांगतो. वाचणाऱ्या आज्ञावलीने दिवसाची बेरीज साडेआठला लगेच बंद न करता उशिरा येणाऱ्यांसाठी ठरावीक काळ थांबायचे, आणि त्यानंतर कोणी आले तर जुनी बेरीज न बदलता दुरुस्तीची नवी नोंद टाकायची. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवर विसंबून घटनांचा क्रम ठरवता येत नाही. जिंतूरच्या केंद्राचे घड्याळ पाच मिनिटे मागे असेल तर तोच धडा इथे मिळतो.

दुसरी अडचण उलटी. केंद्राने नोंद पाठवली, वहीने लिहिली, पण ‘लिहिले’ हे उत्तर वाटेत हरवले. केंद्र पुन्हा पाठवते. आता तेच चार मिलिमीटर दोनदा, आणि ६२ चे ६६ होतात. हीही अन्यायाचीच दुसरी बाजू आहे. काफ्का पाठवणाऱ्याला ओळख आणि प्रत्येक नोंदीला अनुक्रम देऊन अशी पुनरावृत्ती ओळखते. पण केंद्राचे यंत्र फेरसुरू झाले की ओळख नवी मिळते आणि हे संरक्षण संपते. त्यामुळे बेरीज करणाऱ्यानेही ‘केंद्र आणि मोजल्याची वेळ’ ही जोडी एकदाच मोजायची. एका सेटिंगवर भार टाकून मोकळे होता येत नाही.

केंद्राकडेही स्वतःचा साठा हवा. आठवडाभर संपर्क तुटला तरी त्याच्या १,००८ नोंदी, म्हणजे दोनशे केबी, त्याच्याच चिपमध्ये राहाव्यात आणि जोड परत आल्यावर क्रमाने याव्यात. तिथे एवढी सोय नसेल तर पलीकडच्या तिन्ही प्रती व्यर्थ आहेत.

जिल्हा विभागला तर

१९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला. जमीन जागेवर राहिली, पण तिचा इतिहास दोन जिल्ह्यांच्या नावांखाली विभागला गेला. काफ्कातही हे घडते. किल्लीवरून पार्टिशन ठरते ते पार्टिशनच्या संख्येनुसार. सहाची आठ केली की एखाद्या केंद्राच्या नव्या नोंदी दुसऱ्या पार्टिशनमध्ये जाऊ लागतात, जुन्या मात्र जागीच राहतात, आणि त्या केंद्राचा सलग क्रम तुटतो. म्हणून संख्या सुरुवातीलाच थोडी जास्त धरावी. वाढवणे अटळ झाले तर नवा टॉपिक उघडून सगळे क्रमाने पुन्हा उतरवावे.

एक गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून किंवा मुद्दाम टॉपिक काढून टाकला तर ती आज्ञाही तिन्ही ठिकाणी तितक्याच तत्परतेने पाळली जाते. चौथी प्रत छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी, वेगळ्या अधिकाऱ्यांच्या हाती, वेगळ्या पासवर्डखाली हवी. आणि वही पुसता येत नसल्यामुळे तिच्यात काय लिहू नये हेही आधी ठरवावे. आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल क्रमांक अशा वहीत नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती काढून टाकायला सांगण्याचा हक्क दिला आहे. कायम राहणाऱ्या वहीत ती एकदा गेली की हा हक्क पाळणे फार कठीण होते. मूळ वहीत शेतकऱ्याचा सांकेतिक क्रमांक पुरे, नाव-पत्ता वेगळ्या तक्त्यात.

चावडीवर वाचा

२०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. हस्तलिखित सातबारा संगणकावर उतरवताना झालेल्या चुका शोधण्यासाठी तो गावासमोर मोठ्याने वाचला गेला. खातेदारांनी आपले क्षेत्र, आपले नाव ऐकून चुका सांगितल्या. नोंदींच्या यंत्रणेवर लोकांनी देखरेख ठेवण्याचा तो आपल्या मातीतला मार्ग आहे, आणि पावसाच्या, पिकांच्या, विम्याच्या वह्यांसाठीही तोच हवा.

जिल्ह्यात लोकांच्या हक्काशी जोडलेली कोणतीही नोंदयंत्रणा उभी राहील तेव्हा तिच्या मांडणीची पाच उत्तरे तहसीलच्या फलकावर लावली जावीत. नोंदीच्या प्रती किती आणि कोणत्या गावांत? किती ठिकाणी उतरल्यावर ‘लिहिले’ असे म्हटले जाते? नोंद किती वर्षे राहणार? ती काढून टाकण्याचा अधिकार कोणाकडे? आणि एक यंत्र मुद्दाम बंद करून सगळे चालते का, याची रंगीत तालीम शेवटची कधी झाली? यातल्या एकाही उत्तराला गुप्ततेची गरज नाही. पाचही उत्तरे एका पानावर मावतात आणि शाळेतल्या शिक्षकाला, गटसचिवाला, आठवी शिकलेल्या शेतकऱ्याला समजतात.

ही यंत्रणा फुकट मिळते, तिची कागदपत्रे खुली आहेत आणि ती घडवणाऱ्यांत पुण्यात शिकलेली एक मराठी मुलगी आहे. परभणी, नांदेड, संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले ती तीन जुन्या यंत्रांवर एका आठवड्यात उभी करू शकतात. तेव्हा अडचण तंत्रज्ञानाची राहिलेली नाही. ‘मिन इन-सिंक रेप्लिकाज’ एक ठेवायचे की दोन, हा निर्णय आज कुठल्या तरी कंत्राटदाराच्या टेबलावर, बहुधा कोणी न विचारता, होतो. ज्याच्या सोयाबीनचा निकाल त्या आकड्यावर लागणार आहे, त्याला तो विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याने तो येत्या पावसाळ्याआधी विचारावा.